पाय हलवायचा नाही

ईशा आणि नील,

आजी सैन्यात नक्की काय करत होती, असं तुम्ही विचारलं होतं. तेव्हा मी विषय बदलला. आता लिहिते.

माझी पहिली पोस्टिंग उत्तरेतल्या एका मिलिटरी हॉस्पिटलात झाली. सर्जिकल वॉर्ड, तीस खाटा. मी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. हाताखाली नाईक हुद्द्याचा नर्सिंग असिस्टंट दामोदर, पेणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. मी मुरुडची. वॉर्डात मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

काम पहाटे पाचला सुरू व्हायचं. ज्याला हलता येत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठ बघायची, टाचा बघायच्या, पोटऱ्या चाचपायच्या. मग खाटेजवळ उभं राहूनच चार्टवर खूण करायची. लोकांना वाटतं, जवान जखमेनं मरतो. वॉर्डापर्यंत पोहोचलेला जवान सहसा जखमेतून वाचतो. पुढे त्याला खाट मारते. पाठीला जखमा पडतात, छातीत कफ साठतो, लघवीच्या नळीतून जंतू चढतात, पायात रक्ताची गुठळी होते.

शिपाई बलबीरच्या मांडीचं हाड मोडलं होतं. मी रोज विचारायचे, "कैसे हो?"

"ठीक हूँ, सिस्टर."

पाच दिवस हेच उत्तर. सहाव्या दिवशी सकाळी सव्वासातला त्याला धाप लागली. साडेसातला तो गेला. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. पोटरी दोन दिवस ठणकत होती, हे त्यानं शेजारच्या खाटेवरच्याला सांगितलं होतं. आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्ही नीट पाहिलं नाही.

त्या दिवशी मी नियम केला. राउंडला सर्वांत आधी त्याच्याकडे जायचं, जो तक्रार करत नाही. दामोदरनं तो ड्युटी रूमच्या दारावर खडूनं लिहिला. पुसट झाला की पुन्हा लिहायचा.

मी मेजर म्हणून निवृत्त झाले, तो हवालदार म्हणून. नंतर तो बायकोच्या माहेरी, आगरदांड्याला राहिला. जेट्टीवर फेरीबोटीत गाड्या लावून द्यायचा. एका सोमवारी उतारावरच्या शेवाळावर पाय घसरला आणि खुबा मोडला. त्याला माणगावच्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. निरोप मिळाल्यावर दुपारी तीनला मी मुरुडहून पोहोचले. पायाला वजन लावलेलं होतं आणि हा उठायच्या खटपटीत.

"मॅडम, मी काय बाळंतीन हाय व्हय, झोपून भांड्यात करायला?"

"गप पड."

"सुमन बघ, अजून लेफ्टनंटच हाय ही."

त्याची बायको सुमन हसली. तो पुन्हा कोपरावर उठला. तेव्हा मी वॉर्डातला आवाज काढला. "हवालदार दामोदर. मी सांगेपर्यंत पाय हलवायचा नाही. ऑर्डर आहे."

तो सरळ झाला. "जी, मॅडम."

मंगळवारी ऑपरेशन झालं. सर्जननं सांगितलं, उद्यापासून बसवा, पावलं हलवू द्या. ते सुमनला सांगितलं, सिस्टरला सांगितलं. मी तिथे नव्हते, सोमवारीच घरी परतले होते. माझा गुडघा सुजला होता, एसटीचा प्रवास नको वाटला. रोज संध्याकाळी सहाला फोन करत होते.

"कसा आहे?"

"शांत पडलाय, मॅडम. काय पन तक्रार न्हाय."

"शाब्बास म्हणावं त्याला."

तीन दिवस मी हेच म्हणाले. दारावर खडूनं लिहिलेला नियम माझाच होता.

शुक्रवारी सकाळची एसटी धरली. नऊ वाजून वीस मिनिटांनी वॉर्डात शिरले. दामोदर उताणा पडला होता. टाचा जुळलेल्या, हात अंगाबरोबर. मला बघून म्हणाला, "मॅडम, आता हलवू?"

मी चादर काढली. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड होती, गरम होती. सिस्टरला हाक मारली. पोरगी तरुण होती, तीन वॉर्ड एकटी बघत होती.

"आजी, आम्ही रोज सांगतो, पाय हलवा. ते म्हणतात, मॅडमची ऑर्डर न्हाय. आम्हाला वाटलं, मोठ्या डॉक्टर मॅडमनी मनाई केलीय."

मी चार्ट मागितला. कूस बदलल्याच्या खुणा दर दोन तासांच्या घरात होत्या. सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या. त्याच दिवशीच्या दुपारी दोनच्या घरातसुद्धा खूण होती. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

डॉक्टर पावणेदहाला आले. रक्त पातळ करायचं इंजेक्शन वाढवलं. दहा वाजून पाच मिनिटांनी दामोदरला धाप लागली. मी त्याचा हात धरला होता. दहा चाळीसला संपलं. कागदावर लिहिलं, हृदय बंद पडल्यानं मृत्यू. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं.

नवीन मुलींना मी शिकवायचे, गुठळी कोणाला होते ते. वय साठच्या पुढे. हाड मोडलेलं. मोठं ऑपरेशन. विडी ओढणारा. अंथरुणात न हलता पडलेला. पहिल्या चार गोष्टी दामोदर स्वतः घेऊन आला होता. पाचवी मी दिली.

लोक म्हणाले, हॉस्पिटलविरुद्ध तक्रार करा. त्या खोट्या खुणांबद्दल मी दोन पानं लिहिली आणि दिली. अजून उत्तर नाही. ऑर्डरबद्दल तक्रार कोणाकडे करायची, ते मला माहीत नाही.

आगरदांड्याला अंगणात त्याला ठेवलं होतं. टाचा तशाच जुळलेल्या. मी पायांशी उभी राहिले आणि हळू म्हणाले, "हवालदार दामोदर, ऑर्डर मागे घेतली."

सुमननं ऐकलं. वर न बघता म्हणाली, "हे फोनवर सांगायचं व्हतं, मॅडम. फोन त्याच्या उशालाच व्हता."

माझ्या सर्व्हिसमधली पुष्कळ नावं मी विसरले. दोन राहिली आहेत, ती तुम्ही लिहून ठेवा. शिपाई बलबीर. हवालदार दामोदर. दोघांनीही तक्रार केली नाही.