म्हाताऱ्या ताऱ्याभोवतीची वाफ

"आधी आपलं घर तपासा," असं म्हणून सर बोट स्वतःच्याच छातीवर ठेवायचे. विद्यार्थ्याचं उत्तर चुको की प्रयोगशाळेतला दिवा न लागो, हे ठरलेलं. एकदा डब्यातल्या भाजीत मीठ नव्हतं. तर म्हणाले, "थांबा, माझी जीभच बिघडली असंल." मी चाखली. मीठ खरंच नव्हतं.

अहमदपूरच्या एका कॉलेजात सर आणि मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चाळिशी उलटली तरी "सर, परमनंट झालात का?" हा प्रश्न त्यांना चुकत नाही. एक कायम जागा निघणार हे आम्हाला ठाऊक होतं, पण तिला पीएचडी लागणार होती. माझी झाली होती. सरांची व्हायची होती.

त्यांचा विषय ऐकून स्टाफरूम हसायची. मरायला टेकलेला एक म्हातारा तारा, आणि त्याच्या प्रकाशात सरांना सापडलेल्या पाण्याच्या खुणा. "तसल्या कार्बननं भरलेल्या ताऱ्यात पाणी तयारच होत न्हाई," ते मला सांगायचे. "मग आलं कुठून? तारा फुगून राहिला अन् भोवतालचे धूमकेतू वितळून राहिले. ती त्यांच्या बर्फाची वाफ हाय. म्हंजे तिथंबी आपल्यासारखा संसार होता, हाव का न्हाई?"

प्रबंध देण्याआधी त्यांनी सगळी आकडेमोड माझ्याकडे तपासायला दिली. दुर्बीण आपल्या हवेतून बघते, त्यामुळे आपल्या हवेतली वाफ वजा करावी लागते. सरांनी ती वजा करताना भलत्याच दिवशीची, कोरड्या हवेची नोंद धरली होती. मी नीट वजाबाकी केली. ताऱ्याभोवती पाणी उरलंच नाही.

मी त्यांना सांगितलं. "आपल्याच दारातली वाफ मोजली की हो," म्हणाले आणि हसले. ते हसणं मला बघवलं नाही. त्यांचे पीएचडीचे मार्गदर्शक म्हणाले, "देऊन टाका, कोण बघतंय?" सरांनी प्रबंध मागे घेतला.

जागा मला मिळाली.

सर लातूरला क्लासमध्ये शिकवायला गेले. पोरांना मिनिटात उत्तर हवं असायचं आणि सर फळाभर पायऱ्या लिहायचे. दोन क्लासनी त्यांना काढलं. गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या क्लासच्या फळ्यासमोरच ते कोसळले. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी सरांच्या घरी भेटायला गेलो. चूक दाखवली तेव्हा माझ्या मनात ती जागा नव्हतीच, असं मला आजही छातीठोक सांगता येत नाही. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुमचं नाव लई घ्यायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, सगळ्यांत तेवढा एकच माणूस माझ्याशी खरा वागला."

मी मान खाली घालून पाणी प्यायलो. नाही म्हणायचा धीर मला झाला नाही.