गोमाचा पुढचा आयतवार

चार माणसं बायबल वाचायला बसली, की धडा मागे राहतो आणि किस्से साठत जातात! साठ सालाच्या आसपास मुरबाडला चर्चच्या पाळकसाहेबांच्या पडवीत आमचा वर्ग भरायचा. मी शाळामास्तर. सगुणाबाई सगळ्यांत पुढे बसायची, आणि तिचा नवरा गोमा बाहेर पायरीवर. बाप्तिस्म्याचा विषय निघाला की गोमाचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या आयतवारी!" त्याचा दमा वाढत चालला होता. हा बाप्तिस्म्याविना गेला तर वर गेल्यावरही भेट नाही, या धास्तीने सगुणाबाईची झोप उडाली होती.

*

शहापूरकडे पाहणीला आलेला एक अमेरिकन इंजिनिअर वर्गाला येऊ लागला. ख्रिस्तीच, पण मॉर्मन नावाच्या वेगळ्या पंथाचा. पहिल्याच दिवशी सगुणाबाईने चहा पुढे केला, तर त्याने हात जोडले. तिचा चेहरा उतरला. "आमच्या हातचा चालत नाय काय?"

त्याच्या पंथात चहाच वर्ज्य आहे, असं त्याचं इंग्रजी मराठीत आणणाऱ्या पाळकसाहेबांनी घाईघाईने समजावलं. तिचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. "अगो बाय! मंग चा पिणाऱ्यांचं काय होणार?"

*

एकदा हा अमेरिकन साहेब म्हणाला, आपल्याकडून होईल तेवढं सगळं करावं, उरलेलं देवाची कृपा करते.

पाळकसाहेब ताडकन उठले. "हे तर जुनं पेलागियन पाखंड! माणूस म्हणे स्वतःच्या बळावर चांगला होतो!"

"तसं नाही, कृपेशिवाय आम्हीही बुडालोच," साहेब म्हणाला. पण ऐकतो कोण!

पायरीवरून गोमा खोकत म्हणाला, "म्हंजे आपली यष्टी. आपण ढकलायची, मंग डायवर चालू करणार."

"नाही रे!" पाळकसाहेब म्हणाले. "ढकलणाराही देव, चालवणाराही देव."

"मंग आमाला खाली कशाला उतरवता, सायब?"

*

एकदा साहेबाने सांगितलं, स्वर्गाचे तीन दर्जे असतात.

सगुणाबाई दचकली. "म्हंजे थितंबी गावाभायेरचा पाडा हाय?"

याचं इंग्रजी करायचं धाडस पाळकसाहेबांना झालं नाही.

*

मग निघाला मेलेल्यांचा बाप्तिस्मा. साहेबाच्या पंथात जिवंत माणूस मेलेल्याच्या नावाने तो घेतो. पाळकसाहेब हसून म्हणाले, "हेही जुनंच! मार्सियनी नावाचे पाखंडी मेलेल्याच्या खाटेखाली माणूस लपवायचे म्हणे. मेलेल्याला विचारायचं, बाप्तिस्मा घेतोस का? आणि उत्तर खालून यायचं!"

आम्ही पोट धरून हसलो. सगुणाबाई तेवढी हसली नाही. "खालच्यानं काय बोलायचं असतं, सायब?"

*

गोमा एका शनिवारी दुपारी गेला. निरोप मिळताच पाळकसाहेब आणि मी धावत पोचलो. झोपडीत गोमा खाटेवर, अंगावरची गोधडी जमिनीपर्यंत लोंबत होती. सगुणाबाई कुठे दिसेना.

पाळकसाहेब खाटेपाशी वाकले. "गोमा, अरे, किती वेळा विचारलं तुला! घेतोस का रे बाप्तिस्मा?"

"घेतो, सायब," खाटेखालून घोगरा आवाज आला. पाठोपाठ एक हुंदका.

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मास्तर," ते म्हणाले, "पाणी आणा."