न चाखलेला निवद

देवाबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, हे आधीच सांगते. नवरा लवकर गेला तेव्हा भाजीची पाटी माझ्या डोक्यावर चढवायला कोणी देव आला नाही. ती मीच उचलली, नावड्याहून पनवेलच्या बाजारात नेली आणि भांडून बसायला जागा धरली. भाव करताना मी कोणाला हार गेले नाही. जिभेपायी माणसं तुटली, धंदा मात्र टिकला.

माहेर जासईच्या बाजूचं. माहेराबद्दल एक राग मनात होता, आणि तो गौरीच्या निवदाचा होता. आमच्यात गौरीला चिंबोऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचं, कालवण लागतं. गौर माहेरपणाला येते, आणि खाडीकाठच्या लेकीला माहेरी पुरणपोळी नको असते, चिंबोऱ्या हव्या असतात, इतकं ते साधं आहे. हा निवद रांधताना चाखायचा नसतो. गौरीआधी कोणाच्या जिभेला लागला तर तो उष्टा झाला. त्यामुळे सगळी कसोटी मिठाची. आये तळहातावर मीठ घ्यायची, एकदा त्याकडे बघायची आणि टोपात सोडायची. ती कधी चुकली नाही. मी लहानपणापासून पाट्यावर वाटण वाटलं, चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडल्या. पण टोप चुलीवर चढला की आये म्हणायची, "बाय, तू आता भायेर जा. ही या घरची रीत हाय. तुला लोकाच्या घरी नांदायचं हाय." पुढे भावाचं लग्न झालं, आणि पहिल्याच गौरीला तिने वहिनीला चुलीपाशी बसवून सगळं शिकवलं. त्या दिवशी मी जेवले नाही. नंतर गौरीला माहेरी जाणंच सोडलं. तिकडची शेतं सरकारने घेतली, मिठागरं बुजली, खाडीत भराव पडला. माझा राग होता तिथेच राहिला.

एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर आयेचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. मी अधूनमधून बघून यायचे, पण गौरीच्या दिवसांत नाही. अशातच एका गौरीपूजनाच्या सकाळी भाऊ सायकल मारत बाजारात आला.

"बाय, घरा चल. तुझी वैनी भायेर बसलीय. निवद कोन करनार?"

"इतकी वर्सं कोन करत व्हता? त्यालाच इचार."

"आये सकालपासना दाराकरं बगून रडतंय."

"आनि चिंबोऱ्या?"

"नाय गावल्या. पानी लय चढलाय, खारीत कोन उतरलाच नाय."

"म्हंजे रीत म्हाईत नाय, चिंबोऱ्या नाय, तवा बयनीची आठवन झाली. मी येईन. पन मंग दर वर्साला निवद माझ्याच हातचा. समद्यांम्होरं सांगशील?"

भावाने मान डोलावली आणि तो पुढे गेला. सौदा मी जिंकला होता. एसटीत बसल्यावर मात्र आठवलं, मीठ मला कोणी शिकवलंच नव्हतं. निवद माझ्याकडून बिघडला तर भावकीत हसं होईल, ते एक वेळ सोसलं असतं. पण आये जिवंत असताना, तिच्या डोळ्यांदेखत, गौर तिच्या घरातून उपाशी जाईल, हे काही सहन होण्यासारखं नव्हतं.

फाट्यावर उतरून मी खाडीच्या बांधावरून चालू लागले. वळणावर एक बाई टोपली घेऊन बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, टोपलीवर पानं झाकलेली. पानांखाली चिंबोऱ्या. तिने भाव सांगितला, मी सवयीने निम्म्यावर आणला.

"घे," ती म्हणाली.

इतक्या लवकर कोणी मानलं की माल तपासावा, ही माझी शिस्त. मी एकेक चिंबोरी उलटून पाहिली. सगळ्या जिवंत, भरलेल्या.

"म्हायेराला का?" तिने विचारलं.

"व्हय."

"मी पन तिकरंच चाललंय. मीठ टाकायच्या आदी आयेला दाखव गो."

गौरीच्या दिवशी चिंबोऱ्या घेणारी निवदालाच घेणार, हे कोणीही ओळखेल. पण माझी आये आहे आणि मिठावरच माझं घोडं अडलंय, हे तिला कसं कळलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या वळणावर कोणी विकायला बसत नाही, असं भाऊ म्हणतो. त्या दिवशी बसली असेल.

घरी पोचले तर वहिनी मागच्या पडवीत बाजूला बसलेली. म्हणाली, "या नणंदबाय! आज सूर्य खारीतनं उगवला का?"

"तू बसून रा. बसायला तरी जमतंय ना तुला?" मी म्हटलं. तीही हसली, मीही.

आयेचं अंथरूण आम्ही चुलीपाशी आणलं. कालवणाला उकळी आली तेव्हा मी तळहातावर मीठ घेतलं आणि तिच्यासमोर धरलं. तिने मान हलवली. मी आणखी घेतलं. पुन्हा नाही. आणखी घेतलं, तेव्हा तिने चालत्या हाताने त्यातलं थोडं काढलं, माझी बोटं एकेक करून मिटली, आणि ती मूठ तशीच धरून बसली. टोप खदखदत होता. शेवटी मीच म्हटलं, "आये, सोड. कालवन आटंल." तेव्हा तिने हात सोडला.

गौरीला पान वाढलं, मग सगळे जेवायला बसले. पहिला घास घेऊन चुलता म्हणाला, "ह्या मीठ तं हिच्या आयशीचा!" भावाने शब्द पाळला. सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "आता दर वर्साला निवद बायच करनार."

मी पडवीकडे पाहिलं. वहिनी खाली मान घालून जेवत होती. का कोण जाणे, मी म्हणाले, "नाय. पुरल्या वर्साला तूच कर गो. मी चुलीपाशी बसंन, मला भायेर घालवू नको म्हंजे झाला."

पुढच्या गौरीला आये नव्हती. मला का शिकवलं नाहीस, हे तिला विचारायचं राहून गेलं, आणि तो राग पुरता गेलेला नाही. पण ज्यासाठी मी इतकी वर्षं मनातल्या मनात भांडले, ते भांडून मिळालं नाही. बोलावणं आलं, मी गेले, हात पुढे केला. माझ्याकडून झालं ते एवढंच. बाकी सगळं कोणी केलं, हे मी शोधत बसत नाही. गौर आली की तिच्यापुढे डोकं टेकते आणि काही मागत नाही.