मायने सुकवलेला पोशाख

माझी माय आज सकाळी गेली. चौऱ्याण्णव वर्षांची होती.

आपल्या हातून एक माणूस मेला, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली.

फॅमिलीतल्या बऱ्याच जणांना हे माहीत नाही. ती असताना लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून आज लिहिते आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी तेव्हा तिच्या पोटात होते. म्हणजे हे सगळं तिच्याच तोंडून ऐकलेलं.

आरमोरीकडे नदीवर पुलाचं काम चालू होतं. माझे बाबा तिथे पाणबुडे. पुलाच्या पायाची विहीर, म्हणजे पोकळ गोल खांब, नदीत खाली खाली बसवत नेतात, तिच्या तळाशी अडकलेले दगड आणि लाकडं काढायची ही त्यांची ड्यूटी.

त्यासाठी एक पोशाख होता. एकच. दोन जाड कापडांच्या मध्ये रबर, पायापासून गळ्यापर्यंत सलग. वर तांब्याचा टोप, टोपाला हवेची नळी, कमरेला वर ओढायची दोरी.

तो पोशाख धुऊन सुकवायचं काम मायकडे. आधीचे दोन पोशाख लोकांनी उन्हात टाकून खराब केले होते. मायला कामावर घेतलं, कारण ती कशाचीच घाई करत नसे.

स्वच्छ पाण्याने आतला-बाहेरचा गाळ काढायची. ब्रश नाही, नुसता हात. पिळायची तर अजिबात नाही. बाह्यांतून बांबू घालून सावलीत टांगायची, आत वारा खेळेल असा. मनगटाच्या रबराला पांढरी पावडर लावायची, चिकटू नये म्हणून.

ऊन नाही. आग तर नाहीच.

त्या हिवाळ्यात बाबांना हिवताप झाला. त्यांच्या जागी सिरोंच्याकडून राजन्ना आला. पंचविशीचा, कायम हसत असायचा. जेवायला आमच्याच घरी. मायला अक्का म्हणायचा. बोलणं तेलुगू, मराठी तोडकंमोडकं. भात वाढताना माय "पुरे का?" विचारायची, तो मान हलवायचा, आणि ते हो आहे की नाही हे तिला कधीच कळायचं नाही. मग ती वाढतच राहायची.

मग आभाळ आलं. तीन दिवस ढग आणि झिमझिम. पोशाख आतून ओलाच.

तिकडे विहिरीखाली सागाचं मोठं लाकूड अडकलं. विहीर खाली बसेना. मुकादमाने निरोप धाडला, उद्या सकाळी पोशाख पाहिजे म्हणजे पाहिजे.

दुपारी मायने पोशाख चुलीजवळ टांगला. थोडाच वेळ, म्हणून.

बाबांना काढा द्यायला आत गेली. परत आली तर काखेजवळ तळहाताएवढी जागा चकाकत होती. बोट लावलं. बोट चिकटलं. आतलं रबर वितळून कापडावर आलं होतं.

सांगितलं असतं तर काम गेलं असतं. नवरा अंथरुणावर, पोटात मी.

तिने त्या जागेवर पांढरी पावडर लावली.

सकाळी राजन्ना पोशाख चढवायला लागला. मुकादमाने त्याला एकदा नीट पाहून घ्यायला सांगितलं. तसा नियमच होता.

राजन्ना म्हणाला, "अक्काने सुकवला. पाहायचं काय?"

माय चार पावलांवर उभी होती. बोलायचं होतं, पण ती बोलली नाही, असं सांगायची.

तो उतरला. अर्ध्या तासाने दोरी हलली, वर ओढा अशी खूण. वरच्यांनी ओढली, तर ती त्या लाकडात अडकलेली. सोडवून त्याला वर आणेपर्यंत पोशाख पाण्याने भरला होता.

राजन्ना गेला होता.

पोशाख अंगावरून सुरीने कापून काढावा लागला. दोरी अडकल्याने मृत्यू, असं कागदावर लिहिलं गेलं. मायला कोणी काही विचारलं नाही.

तिने बाबांना सांगितलं.  ते म्हणाले, "आता कोनाले सांगू नको."

तिने ऐकलं नाही. सातवा महिना असताना आलापल्लीपर्यंत लाकडं नेणाऱ्या ट्रकने आणि पुढे बैलगाडीने ती राजन्नाच्या गावी गेली. त्याच्या आईला मराठी येत नव्हतं. दोन्ही भाषा येणाऱ्या एका दुकानदाराला मधे बसवून मायने सगळं सांगितलं. चूल, चिकटलेलं रबर, पावडर. काही गाळलं नाही.

म्हातारी रडली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. तांब्याभर पाणी आणून मायपुढे ठेवलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

माय दरवर्षी जायची. मोठी झाल्यावर मीही जायला लागले. तेच. पाणी, आणि बंद दार. माय ओसरीवर तासभर बसायची, पाणी प्यायची, तांब्या घासून पालथा घालायची, निघायची.

एका वर्षी म्हातारी आत गेली नाही. मायच्या शेजारी बसून राहिली. 

पुढच्या वर्षी गेलो तर घराला कुलूप होतं. म्हातारी वारली, असं शेजारच्यांनी सांगितलं.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये मी धीर करून विषय काढला. म्हटलं, दोरी अडकली होती ना माय, पोशाखाचा दोष नसेलही. इतकी वर्षं काऊन जाळून घेतलं स्वतःला?

ती म्हणाली, "तो कायनं गेला ते मले मालूम नाई, बाई. मी बोलली नाई, ते मालूम आहे."

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. चूक कबूल करा, मोकळं वाटतं, असं पोरांना सांगत आले.  त्या दिवशी नुसते तिचे पाय दाबत बसले.

अंत्यसंस्कार आज दुपारी तीन वाजता, नदीच्या घाटावर. नातलगांनी थेट तिकडेच यावं.

माय, तू चांगली होतीस. हे तू मला कधी म्हणू दिलं नाहीस.

जा आता.

मायला भावपूर्ण श्रद्धांजली.

आणि राजन्नालाही. आमच्या घरातून त्याला ती वाहायची राहून गेली होती.