हाफिजजींच्या दाढीतला कापूस

नाचणगावात मशिदीच्या भिंतीला लागून आमची भाजीची वाडी होती. हाफिज दस्तगीर यांनी अजान दिली, की आमचे मोटेचे बैल जागच्या जागी थांबत. त्या वेळी माझा बाप त्यांना कडबा टाकी, म्हणून थांबत, पण हाफिजजी गावभर सांगत, "माझा आवाज जनावरालेही समजते!" हिंगणघाटहून एकावन्न साली आले. नमाज पढवत, लेकरांना कुराण शिकवत आणि उरलेल्या वेळात छत्र्या दुरुस्त करत. माझी एकच छत्री त्यांनी चारदा नीट केली. त्यातला तिसऱ्या वेळचा किस्सा फार मजेचा आहे, पण तो राहू द्या.

अख्खं कुराण त्यांना तोंडपाठ. तोच त्यांचा मान आणि तिथंच त्यांची खोड.

चोपन्न सालच्या हिवाळ्यातला शुक्रवार. मी वांगी तोडत होतो. पलीकडे आधी हाफिजजींचं प्रवचन झालं, घमेंडीवर. मग जुम्याची नमाज सुरू झाली. आवाज छान चालला होता आणि एकदम अडला. त्यांच्यात रीत अशी, की पढवणारा अडला तर मागच्या ज्याला पुढचं येतं त्यानं ते म्हणायचं, आणि पढवणाऱ्यानं ते उचलून पुढं जायचं. याला लुकमा देणं म्हणतात. मागून जाडाभरडा आवाज आला. तो वजीर पिंजाऱ्याचा, गाद्या-रजया पिंजणारा. त्याला कुराणातलं थोडंच पाठ, पण जे पाठ ते पक्कं. हाफिजजींनी ते उचललं नाही. तेवढ्यावरच वाचन आटोपतं घेतलं.

नमाज सुटल्यावर अंगणात आवाज चढला. "वजीरभाई, तुम्ही आपला कापूस पिंजा! मी अटकलो नव्हतो, दम घेऊन राह्यलो होतो."

वजीरभाई चपला घालून निघून गेला. पुढचे चार दिवस तो मशिदीत दिसला नाही.

बुधवारी हाफिजजी मेथी घ्यायला आले, तोंड पार उतरलेलं.

"काऊन हाफिजजी, दाढ दुखते काय?"

"दाढ नाई, कवडूभाऊ. आज शिकवताना ती छोटी तय्यबा अटकली. मी शब्द सांगितला, तिनं पटकन घेतला अन् हसत पुढं गेली. सात वर्षाची पोरगी! अन् मी? मले दिलेला शब्द मी थुकून टाकला. तो शब्द काय वजीरचा होता? अल्लाचा होता. परवा जुमा. लोकाइच्या पुढं कोन्या तोंडानं उभा राहू?"

"मंग जा ना त्याच्या घरी."

"तूही चाल. एकट्याले लाज वाटते."

वजीरभाईच्या घरात कापूस नुसता उडत होता. दारातच त्याची बायको जैनबबी. "या हाफिजजी! रजई आणली, का अजून काही सुनवाचं राह्यलं?"

"रजई नाई बाई, चूक आणली. वजीरभाई, मी अटकलोच होतो. वरून झूट बोललो. माफ करजा."

वजीरभाईनं कापूस पिंजायची धनुकली खाली ठेवली. "अरे, हाफिजजी! मी येतो, पण मागच्या रांगेत उभा राहीन."

"नाई. माझ्या ठीक मागं. अटकलो की जोरानं बोलायचं."

"जोराची फिकीर नका करू," जैनबबी म्हणाली, "घरात तेच करतात."

निघालो तेव्हा हाफिजजींची दाढी कापसानं पांढरीफेक. मी म्हटलं, झटका. "राहू दे. कोनी विचारलं तं सांगता येईन, कुठून येऊन राह्यलो अन् काऊन गेलतो." आणि खरंच, तेल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगत घरी पोचले!

शुक्रवारी सगळ्यांसमोर आपली चूक आधी बोलले, मग नमाज. तेच वाचन लावलं आणि तिथंच पुन्हा अडले. वांगं माझ्या हातातच राहिलं. मी भिंतीकडे बघून पुटपुटलो, "बोल ना रे वजीर!"

तो जाडाभरडा आवाज आला. हाफिजजींनी शब्द लगेच उचलला आणि असा गोड आवाज पुढं निघाला, की तसा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

नमाजेनंतर भिंतीवरून डोकावले. मी विचारलं, "मुद्दाम अटकले ना?"

"नमाजेत नाटक करू काय, येड्या? खरंच विसरलो! अन् विसरलो ते किती छान झालं!"

आणि ते इतक्या मोठ्यानं हसले, की मोटेचे बैल थांबले. त्या वेळी कडबा कोणीच टाकला नव्हता.