सारजा आणि हत्तीची दाढ

डाळजची सारजा बारा वर्षं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जीवाश्म साफ करायची. मेंढरं राखणाऱ्या घरातली, शिक्षण दहावी. काचेच्या पेटीत हात घालून पेनाएवढ्या नळीतून वाऱ्याच्या दाबानं खाण्याच्या सोड्याची भुकटी मारायची आणि हाडावरचा दगड कणाकणानं उडवायचा. सासू आजारी पडली तेव्हा ती गावी परतली आणि प्रयोगशाळेचं जुनं यंत्र आणून पडवीत मांडून बसली.

शेळगावचे विजयसिंह गाडीवर ‘इतिहास संशोधक’ असं लिहून फिरत. संशोधन म्हणजे सापडेल ते काचेच्या कपाटात ठेवणं. उजनी धरणाचं पाणी ओसरल्यावर त्यांच्या माणसांना नदीकाठी प्राचीन हत्तीची दाढ मिळाली. ती घेऊन ते सारजाकडं आले.

“आठ दिसांत चकाचक कर. आमच्या प्रदर्शनाला मोठी माणसं येणार हायत.”

“दोन महिनं लागतील, दादा. चुनखडी पार आत मुरलीय. जोर वाढवला तर दगडाआधी दात जाईल.”

“अगं, सोड्यानं दगड निघतो व्हय? भजी तळायचीत का?”

ते थेट बारामतीला गेले. ट्रॉल्यांचा गंज जिथं वाळूच्या माऱ्यानं काढतात, तिथं त्यांनी दाढ दिली. पाच मिनिटांत चुनखडी गेली आणि दाढेवरच्या कंगोऱ्यांच्या ओळीही गेल्या. हत्ती कुठल्या जातीचा, हे त्याच ओळींवरून कळतं. उरला तो झिजलेला साबण. विजयसिंहांनी त्याला तपकिरी व्हार्निश लावलं आणि खाली पाटी ठोकली: ‘डायनासोर’.

प्रदर्शनात सारजा दिसताच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हिला दोन महिनं लागणार हुतं. आमी पाच मिनिटांत केलं!”

लोक हसले. सारजा म्हणाली, “दादा, ह्यो दात कुणाचा, आता कुणालाच सांगता यायचं न्हाय.”

“पाटीवर लिवलंय की!”

ती घरी आली. दुसऱ्या सकाळी भाऊ म्हस्कूला घेऊन नदीवर गेली आणि पहिली दाढ मिळाली त्याच जागी, त्याच थरात जबड्याचा तुकडा शोधून काढला. त्यात दुसरी दाढ शाबूत होती. प्रयोगशाळेला कळवून, त्यांच्या देखरेखीखाली तिनं तीन महिने ती साफ केली. एकेक ओळ वर आली आणि पुण्याच्या अभ्यासकांनी हत्तीची जात ओळखली.

बातमी कळताच विजयसिंह आले. जबडा आपल्या कपाटात हवा, असं दारातूनच ओरडू लागले. सारजा जबड्यावरचा उरलेला दगड उडवत होती, तोंडावर मास्क होता. तिनं मान वर केली, त्यांना नीट पाहिलं आणि पुन्हा पेटीत वाकली. यंत्र काही बंद केलं नाही.