करीमचाचाची वाकडी बंदूक

परभणी स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, थंडी मी म्हणत होती, आणि माझी लेक माझ्याशी बोलत नव्हती.

जुई तेरा वर्षांची आहे. गेली तीन वर्षं ती पुण्यात दहा मीटरची एअर रायफल चालवते आणि झकास चालवते. हे आईचं कौतुक समजू नका. मी स्वतः त्याच क्लबात दर रविवारी जाते, महिलांच्या ज्येष्ठ गटात तिसरी आलेली आहे, मला कळतं. (गटात आम्ही चौघी होतो. चौथीला सर्दी झाली होती.) तर दिवाळीआधीच्या स्पर्धेत जुईचा शेवटचा छर्रा मधल्या दहाऐवजी आठच्या वर्तुळात गेला. ती ढसाढसा रडली, घरी आली, रायफल कपाटावर चढवली आणि जाहीर केलं, "मला नेमबाजी येते, पण मला ती आवडत नाही." मी समजावलं, ओरडले, आइस्क्रीमची लालूच दाखवली. ढिम्म! शेवटी क्लबातल्या सरांनीच सांगितलं, येत्या रविवारी हो की नाही ते कळवा, नाहीतर तिची जागा दुसऱ्या मुलीला देतो.

मला काही सुचेना. मग मी परभणीची दोन तिकिटं काढली. मला जिथं बंदूक आवडली, ती जागा तरी तिला दाखवावी, एवढाच माझा विचार. ती जागा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातला जवळा बाजार. माझे वडील जनावरांचे डॉक्टर. त्यांची तिथे बदली झाली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तिथून निघालो तेव्हा अकराची. मधल्या चार वर्षांत मी शाळेत काय शिकले ते विचारू नका. बाजारच्या दिवशी फुगेवाल्या करीमचाचांकडे काय शिकले, ते मात्र अजून पाठ आहे.

परभणीहून एसटी मिळाली, जागाही मिळाली, आणि एवढं सगळं सुरळीत चाललंय म्हणेपर्यंत झिरो फाट्याच्या पुढे टायर बसला. कंडक्टर खाली उतरून, कमरेवर हात ठेवून टायरकडे बघत राहिला.

"किती वेळ लागेल हो?"

"दहा मिन्टं बाई. बदलून राहिले (बदलताहेत)."

चाळीस मिनिटं लागली. पण तक्रार कसली! दोन्ही बाजूंना तूर फुलावर होती, पलीकडे हळदीची पानं पिवळी पडू लागली होती, आणि एका शेतात बायका कापूस वेचता वेचता कोणाची तरी यथेच्छ टिंगल करत होत्या. एकीने आमच्या बसकडे हात करून काहीतरी म्हटलं आणि साऱ्याजणी हसल्या. बहुधा आमचीच टिंगल असावी. जुई रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती. सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य तिथे आलं, "इथे नेटवर्क नाही." मी म्हटलं, चला, तोंड तरी उघडलं.

जवळा बाजारला पोचलो तेव्हा बाजार ऐन भरात होता. मिरच्यांचे ढीग, दोरखंड, कुऱ्हाडींचे दांडे, गूळ, बांगड्या, आणि भोंग्यावर चादरी विकणारा एकजण, ज्याचा आवाज सकाळीच बसला होता. माझ्या लहानपणी हा बाजार मला अफाट मोठा वाटायचा. आता दहा मिनिटांत आरपार झाला, याचं मला जरा वाईटच वाटलं. एका गाड्यावर मिरचीचे भजे खाल्ले. "तिखट नाही ना?" असं मी जुईसाठी विचारलं, तर भजेवाला म्हणाला, "न्हाई बाई, लेकरं बी खातेत." इथली लेकरं काय खातात ते मी विसरले होते. जुईच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या नाकातून पाणी, आणि भजेवाला शांतपणे दुसरा घाणा काढतोय.

करीमचाचा हयात आहेत की नाहीत, हेच मला माहीत नव्हतं. धीर करून एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. डोक्याला लाल फेटा, खांद्यावर नवा दोर. जवळच्या तांड्यावरचे (बंजारा वस्तीवरचे) शेतकरी होते, नाव रामजी.

"करीमचाचा? त्यो काय, लिंबाखाली. काहून (का) इचारून राहिल्या?"

"त्यांच्याकडे मी बंदूक शिकले, लहानपणी."

रामजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग चला, बघू तरी," म्हणाले, आणि बाजार सोडून आमच्याबरोबर निघाले.

लिंबाखाली तीच फळी होती. तीच म्हणजे तशीच. मागे पत्रा, पुढे लाकडी चौकट, तिच्यावर पाच ओळींत लाल, पिवळे, निळे फुगे. दहा पावलांवर जमिनीपासून हातभर उंचीवर ताणलेला दोर. दोराच्या अलीकडे टेबल, टेबलावर एकच छर्ऱ्याची बंदूक, दस्त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेली. आणि टेबलामागे खुर्चीत चाचा. दाढी पांढरीशुभ्र, चष्मा बाटलीच्या बुडासारखा, पण बसण्याची ऐट तीच.

"चाचा, मी जनावरांच्या डॉक्टरांची मुलगी."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "डाक्टरसायबाची पोरगी? जी दोर वलांडली म्हनून म्या कान पिळला व्हता?"

"तीच!"

"बसा बसा. तुमी लई मोठ्या झाल्या."

तो कान मला चांगला आठवतो. चाचांचा नियम होता की बंदुकीची नळी मोडून, म्हणजे खाली दुमडून, टेबलावर ठेवल्याशिवाय दोरापलीकडे कोणी पाय टाकायचा नाही, मग फुगे लावायला चाचा स्वतः का जाईनात. मी एकदा टाकला होता. त्यानंतर जन्मात कधी टाकला नाही.

आणि दुसरी रीत अशी. जत्रेतल्या, बाजारातल्या बंदुका वाकड्या असतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा) जरा कललेली असते, आणि गिऱ्हाईक पैसे देऊन हवेत छर्रे उडवतं. चाचांची बंदूकही वाकडीच. पण तिची खोड काय, ती कुठे ओढते, हे चाचा लहान मुलांना कानात सांगायचे. फक्त लहान मुलांना. मला सांगितलं होतं, ‘ही उजवीकडं पळती, तू डाव्या कडेला धर.’ मग श्वास अर्धा सोड, अर्धा ठेव, घोडा असा दाब की सुटला ते तुलाच कळू नये. पुढे पुण्यात मोठी फी भरून एका प्रशिक्षकांकडून मी नेमकं हेच पुन्हा शिकले. कान पिळणं तेवढं नव्हतं.

आता चाचांसमोर, रामजींसमोर आणि मुख्य म्हणजे जुईसमोर मला तोरा मिरवायचा होता. बाह्या सरसावल्या, पाय फाकून उभी राहिले, डाव्या कडेला नेम धरला. खट्. पत्रा वाजला. पुन्हा. पत्रा. पुन्हा. दहा छर्ऱ्यांत एक फुगा फुटला, आणि मी नेम धरला होता तो तर हा नव्हताच.

"बाई," रामजी गंभीरपणे म्हणाले, "पत्र्यावर मातर तुमचा नेम बराबर हाय."

जमलेली माणसं खो खो हसली. जुईही हसली! पण लगेच तोंड मिटून घेतलं.

"तू मार लेकरा," चाचा तिला म्हणाले.

"नको. मी सोडलंय."

"सोडलंय, म्हंजे धरलं तरी व्हतं. ये."

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि बंदूक उचलली. उभं राहणं कसं सुरेख, कोपर बरगडीवर, गाल दस्त्याला, अगदी पुस्तकातल्यासारखं. आणि पाचही छर्रे वाया. पाचव्यानंतर तिचा ओठ थरथरू लागला. मी मनात म्हटलं, बाई गं, तू हिला आणलंस कशाला? होती नव्हती ती आशासुद्धा आता लिंबाखाली पुरली जाणार. रविवारी सरांना तोंडाने ‘नाही’ म्हणायचीसुद्धा गरज पडणार नव्हती.

चाचा उठले. एक हात टेबलावर टेकत, एका गुडघ्याला शिव्या देत ते तिच्यापाशी आले, वाकले आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाले. जुईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग बंदुकीकडे. मग नळी मोडून छर्रा भरला, श्वास अर्धा सोडला.

फाट्!

लाल फुगा गेला. पाठोपाठ पिवळा. तिसऱ्याला ती स्वतःशीच म्हणाली, "अच्छा, अशी आहेस होय तू!" बंदुकीशी बोलत होती पोरगी! पुढचा दीड तास तिने मला ओळख दाखवली नाही. फुगे संपले, चाचांनी नवे फुगवले, ती मदतीला बसली, बंदूक मोडून ठेवल्याशिवाय दोर ओलांडला नाही, पुन्हा आली, पुन्हा मारले. कोपऱ्यातल्या लिंबाएवढ्या फुग्यावर रामजींनी पैज लावली, भेळेची. हरले आणि भेळ आणायला गेले. एकदा नेम चुकला तर जुई रडली नाही, फिदीफिदी हसली आणि म्हणाली, "चाचा, ही फसवते!"

"फसवती कुठं? तुला सांगून तर करती."

आता माझी सहनशक्ती संपली. मी चाचांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "मलाही सांगा ना, कुठे ओढते ही."

"न्हाई."

"अहो, मला सांगितलं होतंत तुम्ही!"

"ती बंदूक येगळी व्हती, भंगारात गेली. अन् तवा तुमी लहान व्हत्या."

"‘तुमी’ काय म्हणता? ‘तू’ म्हणा की!"

"तू म्हनलं तरी मोठी ती मोठीच," चाचा म्हणाले. "मोठ्या मान्साला खोड सांगितली तर त्यो बंदुकीला नावं ठेवतो. लेकराला सांगितली तर त्ये तिच्यासंगं दोस्ती करतं. माझा उभा जल्म ह्यात गेला, मला इचार."

मला राग आला होता, खरंच आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. कारण जुईच्या त्या आठच्या वर्तुळानंतर, गाडीतच, मी तिला तिच्या चुका एक ते सहा अशा क्रमाने सांगितल्या होत्या. तिने रायफल कपाटावर टाकली ती नंतर.

दुपारी रामजींनी आम्हाला हट्टाने शेतावर नेलं. तिथे त्यांच्या सूनबाईंनी गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीची कणसं भाजून हुरडा (कोवळे दाणे) चोळून दिला, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. "लाजू नका, खावा," असं म्हणत त्यांनी इतकं वाढलं की मला बसता येईना आणि उठताही येईना. जुई सूनबाईंना उभं कसं राहायचं ते शिकवत होती, हातात बंदुकीऐवजी ऊस. निघताना रामजी म्हणाले, "पोरगीला घेऊन या फिरून. तुमी आल्या न्हाई तरी चालंल."

परतीच्या गाडीत मी तिला तीनदा विचारलं. चाचांनी कानात काय सांगितलं? तीनदा तिने मान हलवली. रविवारचं मात्र मी काही विचारलं नाही. फार अवघड गेलं मला ते, पण जीभ दाताखाली धरून ठेवली. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात होते, तर स्टूल सरकवल्याचा आवाज आला. डोकावून पाहिलं, जुई कपाटावरून रायफल काढत होती. मी चटकन आत गेले आणि पोळी करपवली.

रविवारी रेंजवर नेहमीची शांतता. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी. सर मागे हातात वही घेऊन उभे. जुईने पहिला छर्रा झाडला, आणि दोरीवरून सरकत कागदाचं कार्ड तिच्यापाशी आलं. भोक सातच्या वर्तुळात! आठवर रडलेली माझी मुलगी ते सात बघत राहिली. मी डोळे मिटून घेतले.

आणि ती हसली. खळखळून, त्या सगळ्या शांततेत. चार नेमबाजांनी वळून पाहिलं. सर म्हणाले, "काय झालं? सात आहे तो!"

"सॉरी सर. चाचांच्या बंदुकीसारखा नेम धरला. हिला खोडच नाही, हे विसरले." एवढं बोलून ती नवा छर्रा भरू लागली. सरांनी वहीतून डोकं वर करून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून ‘हो’ म्हटलं. त्यांनीही वहीत खूण केली.

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे हे भोक ज्या बाजूला गेलंय, त्याच्या बरोबर उलट चाचांची बंदूक ओढते! सगळं गुपित त्या कार्डावर लिहिलेलं होतं. मी अलगद पुढे वाकले, चष्मा सावरला.

जुईने भोकावर तळहात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "बघायचं नाही. तू मोठी आहेस."